फायलीवरचं नाव

"हे बाईंचं काम," साहेब मालकांना म्हणाले. "राखीव जागेवर शिकलं की असंच होतं."

टेबलाभोवतीचे दोघं-तिघं हसले. स्क्रीनवर चुकांच्या ओळी धावत होत्या. मी मान खाली घातली. त्याची लाज मला आजही वाटते.

वाळूजच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर होते. रोजच्या उत्पादनाचा तक्ता काढणारी शेल स्क्रिप्ट, म्हणजे मशीननं एकामागून एक पाळायच्या हुकमांची फाईल, मी युनिक्सवर लिहिली होती. मग साहेबांच्या टेबलावर विंडोज आलं. त्यावर ती चालेना. महिनाभर डोकेफोड करून मी ती चालवली. लिहिणाऱ्यानं आपलं नाव फायलीत वरच टाकायचं, हा आमच्या खात्याचा रिवाज. मीही टाकलं होतं, आडनावासकट.

मालक आले त्याच दिवशी ती बंद पडली.

मी फाईल उघडली. वर माझं नाव नव्हतं. साहेबांचं होतं. नाव बदलायला त्यांनी ती विंडोजच्या एडिटरमध्ये सेव्ह केली होती. तो एडिटर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह जास्तीचं टाकतो, आणि हुकूम वाचणारं शेल त्याला अडखळतं. चालत होती तोवर फाईल त्यांची. बंद पडली तशी माझी झाली.

साहेब कानाशी आले. "गुपचूप नीट करा. तुम्हाला कायम करायचा कागद माझ्याकडेच आहे."

मला बाप आठवला. विद्यापीठाच्या नामांतरासाठी तो हर्सूलच्या तुरुंगात बसला होता. सुटून आला तर हातचं काम गेलेलं. आई म्हणाली, "एका नावापायी लई भोगलं." तो म्हणाला, "नाव बी सोडलं तर आपल्याजवळ ऱ्हायलं काय?"

मी स्क्रीन मालकांकडे वळवली. त्यांना दाखवलं, नाव कुणी बदललं आणि फाईल कशानं बिघडली. ती चिन्हं काढली. वर माझं नाव परत लिहिलं. फाईल चालवली. तक्ता आला.

मालकांनी घड्याळ बघितलं. "कुणाची का असेना, चालली ना?"

कायमचा कागद आला नाही. दोन महिन्यांनी मला घरी बसवलं. मी लई रडले, खोटं कशाला सांगू?

पुढच्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात नव्या साहेबांनी विचारलं, फायलीत आडनाव कशाला हवं?

मी म्हटलं, "नाव काढायचं असेल तर फाईल तुम्ही लिहा."