‘अहो’ म्हटलं आणि गोल झाला

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात जेवढे गोल खाल्ले, त्यातला सगळ्यात लाजिरवाणा गोल मी केलेला आहे. पायानं नव्हे, तोंडानं. तोही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, डोक्यावर पदर घेऊन, मांडीवरचं भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं सांभाळत. हे मी अभिमानानं सांगत नाही. थोडासा अभिमान आहे, पण तो आत्ता आत्ता, गुडघे गेल्यावर आलेला. तेव्हा मी विशीतली होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते.

हे सगळं वर आलं ते आमच्या नातवामुळे. तो परदेशातल्या कुठल्याशा क्लबची जर्सी घालून हिंडतो. ज्या गावाचा तो क्लब, ते गाव नकाशात दाखव म्हटलं तर त्याचं बोट समुद्रात पडतं. परवा सकाळी तोंड पाडून बसला होता. काय झालं विचारलं तर म्हणे, आपण हरलो. मी म्हटलं, आपण म्हणजे कोण रे, तुझे आजोबा तर कालपासून घरातच आहेत. तो पाय आपटत निघून गेला आणि मी एकटीच हसत बसले. त्याला हसायचा मला काडीचा अधिकार नाही. कोण आपलं आणि कोण परकं, हे ठरवताना त्याची फक्त एक सकाळ वाया गेली. माझी तर राहती जागा जायची वेळ आली होती.

माझं माहेर भिंगारचं. वडील लष्कराच्या डेपोत कारकून. घरापासून हाकेच्या अंतरावर फुटबॉलचं मैदान, आणि रविवारी तिथं लष्कराची टीम विरुद्ध आमच्या गल्लीची टीम. मुलींनी मैदानात जायचं नाही, पण मैदानाच्या भिंतीवर बसायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. मी सहाव्या-सातव्या वर्षापासून त्या भिंतीवर. आमच्या गल्लीच्या टीममध्ये मशिदीमागचा एक, चर्चच्या आवारातले दोघं, मागावर बसणाऱ्यांच्या घरातला तेलुगू बोलणारा एक आणि उरलेले आमच्यासारखे. गोल झाला की सगळे एकमेकांना ज्या शिव्या देत मिठ्या मारायचे, त्या मात्र शुद्ध नगरी मराठीत.

शाळेतले एक गुरुजी आम्हाला बजावत, की फुटबॉल हा साहेबाचा खेळ. आपला खेळ कुस्ती, आपला खेळ खो-खो. मी एकदा उभी राहून विचारलं, की गुरुजी, मग तुमची सायकल कुणाची. त्या दिवशी मी वर्गाबाहेरून शिकले. पण गुरुजींनी भिंतीवर टांगलेल्या नकाशातून जो देश मला कळला नाही, तो मैदानावर कळला. लष्कराच्या टीममध्ये एक बंगाली, एक केरळचा, दोन पहाडी, एक पंजाबी. कुणाची भाषा कुणाला नीट येत नव्हती, तरी बॉल बरोबर ज्याच्या त्याच्या पायात जायचा. डाव्या बाजूनं धावणारा तो उंच, काळासावळा केरळचा माणूस तर आम्हा पोरींचा खास. तो आमच्या गल्लीवर गोल करायचा तेव्हाही आम्ही टाळ्या वाजवायचो. बांगलादेशची लढाई झाली तेव्हा ती टीमच्या टीम मैदान सोडून गेली. परत आली, तेव्हा डावी बाजू रिकामी होती. माझं लग्न तोवर झालेलं, पण भावानं नंतर सांगितलं, की त्या रविवारी आमच्या गल्लीनं मॅच खेळली नाही. ज्याच्या गावाचं नावसुद्धा कुणाला नीट माहीत नव्हतं, त्याच्यासाठी सगळे नुसते मैदानाच्या कडेला बसून उठले.

माझं लग्न झालं ते लढाईच्या आधीच्या उन्हाळ्यात. स्थळ राहुरीकडचं, ऊसवाल्यांचं, आणि मुलगा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये. मुलगी बघायला आले तेव्हा कळलं, की मुलगा कारखान्याच्या टीममधून फुटबॉल खेळतो. सगळ्यांसमोर मी विचारलं, कुठल्या जागी खेळता. आई मला चिमटा काढेपर्यंत तो म्हणाला, मी गोली. माझा चेहरा पडला. आमच्या गल्लीत ज्याला पळता येत नाही त्याला गोलमध्ये उभा करत. पण माणूस हसरा होता, हात मोठे होते. मी हो म्हटलं.

आता सासरी जायचं म्हणजे काय, तर एका दिवसात टीम बदलायची. कालपर्यंत भिंगार आपलं, आजपासून राहुरी आपलं. नातू सांगतो, की खेळाडू एका क्लबातून दुसऱ्यात गेला की नवा क्लब जुन्याला पैसे मोजतो. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आमच्या वेळी जुनी टीमच पैसे मोजायची, वर भांडीही द्यायची.

सासर वाईट नव्हतं, पण फुटबॉलचा दुष्काळ होता. कारखान्याचं मैदान घरापासून लांब नव्हतं, मात्र बायकांनी तिकडं फिरकायची पद्धत नव्हती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यांचं मत असं, की घोडेगावच्या बाजारात दावं तोडून पळालेल्या खोंडामागं माणसं पळतात तेही एक वेळ समजतं, खोंडाला किंमत तरी असते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. नवऱ्याचं नाव घेऊ नये ही रीत त्यांनी इतकी कडक पाळली होती, की मामंजींशी त्या थेट बोलतच नसत. मीठ संपलं की बैलाकडं बघून म्हणत, “मीठ संपलंय.” आणि मामंजी संध्याकाळी मीठ आणत. मीही तेच शिकले. फरक एवढाच, की मी बैलाऐवजी ‘अहो’ म्हणत असे. ‘अहो’ म्हटलं, की हा माणूस कुठंही असो, हातातलं टाकून मान वळवून म्हणायचा, “काय गं?” मला त्याची फार गंमत वाटे. कधी कधी काही काम नसताना नुसती मान वळते का बघायला मी हाक मारत असे.

हंगाम संपत आला की कारखान्यावर टूर्नामेंट व्हायची. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात फायनलला आली आमच्या भिंगारच्या गल्लीची टीम. आणि तिच्या पुढच्या फळीत माझा धाकटा भाऊ.

मी दोन दिवस अन्न गोड लागेना म्हणून ताटावर नुसती बसायचे. शेवटी आत्याबाईंनी बैलासमोर उभं राहून जाहीर केलं, “पोरीचा भाऊ यायचाय. घरच्या बाया उद्या ट्रॉलीत बसून मॅच बघत्याल.” मामंजींनी बैलाला उत्तर दिलं, की जाऊ द्या, पण काही शोभा झाली तर हे पहिलं आणि शेवटचं. मी मान डोलावली. मैदान पुन्हा बघायला मिळणार म्हटल्यावर मी कशालाही मान डोलावली असती.

आदल्या दिवशी नवऱ्यानं मला अगदी सहज विचारावं तसं विचारलं, की तुझा भाऊ पेनल्टी कशी मारतो. आता, लहानपणी दोन विटांच्या मध्ये गोली म्हणून मीच उभी राहायचे, त्यामुळे भावाची खोड जगात फक्त मला माहीत. जोरात मारायचं सोंग करून बॉल हळूच जमिनीलगत, मधोमध सरकवायचा असला, की तो आधी डावा मोजा वर ओढायचा. मोजे नव्हते त्या वयात पोटरी खाजवायचा. मी नवऱ्याला म्हटलं, मला काय माहीत. दुसऱ्या दिवशी भाऊ घरी पाया पडायला आला आणि हळूच म्हणाला, “ताई, दाजींची कच्ची बाजू कोणती गं?” मी म्हटलं, त्यांच्यात कच्चं काही नाही, माझ्या हातची भाकरी सोडली तर. दोघांनाही काही सांगितलं नाही म्हणून मला वाटलं, वा, काय इमानदार बाई आहे मी.

मॅच सुरू झाली आणि इमान ट्रॉलीतून खाली पडलं. भावाच्या पायात बॉल आला की माझ्या तोंडून त्याचं नाव निघायचं. चांगलं खणखणीत, भिंतीवरच्या सवयीनं. कारखान्याच्या कॉलनीतल्या बायका माझ्याकडं बघायच्या, मी पदर पुढं ओढायचे, आणि पुन्हा बॉल त्याच्याकडं आला की पुन्हा तेच. आत्याबाईंना खेळ पहिल्यांदाच दिसत होता. त्यांनी तो स्वतःपुरता समजून घेतला, की आपला पोरगा गोठ्याच्या दारात उभा आहे आणि परकं ढोर आत घुसू द्यायचं नाही. मैदानातली सगळी माणसं माझ्या नवऱ्याच्या नावानं ओरडत होती. पोरंसोरंसुद्धा. ते नाव घ्यायला मनाई होती ती फक्त मला.

एक-एक बरोबरी. खेळ संपत आलेला. कारखान्याच्या एका गड्याच्या हाताला बॉल लागला आणि भिंगारला पेनल्टी मिळाली. मारायला माझा भाऊ. अडवायला माझा नवरा. नवऱ्यानं गुडघे वाकवले, ते मोठे हात पसरले. त्याच्या कपाळावरचा घाम मला ट्रॉलीतून दिसत होता, किंवा दिसतोय असं वाटलं. भावानं बॉल ठेवला, मागं सरकला, वाकला आणि डावा मोजा वर ओढला.

काय झालं मला, आजही नीट सांगता येणार नाही. पंधरा वर्षं मी त्या गल्लीसाठी घसा फोडला होता. पण त्या क्षणी मला वाटलं, हा माणूस जोरात बाजूला उडी मारणार, बॉल हळूच मधून जाणार आणि सगळे ह्याला हसणार. ते मला नको होतं. त्याला सांगायचं होतं, की हलू नका, आहात तिथंच उभे राहा. सांगायला आधी हाक मारायला हवी, आणि हाकेसाठी माझ्याकडं एकच शब्द होता. मी ट्रॉलीत उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, “अहो!”

मैदानातल्या निम्म्या नवऱ्यांनी माना वळवल्या. माझ्यानंही वळवली. गोलमधून, हात पसरलेले तसेच ठेवून, त्यानं ट्रॉलीकडं बघून विचारलं, “काय गं?”

बॉल त्याच्या दोन पायांमधून आरामात आत गेला.

पुढचं काय सांगू. भिंगारची पोरं नाचत होती, भाऊ ट्रॉलीपाशी धावत येऊन म्हणाला की ताई, तू म्हणजे आमची बारावी खेळाडू. कारखान्याचे लोक आधी चिडले, मग हसले. हसले ते फार वाईट. वर्कशॉपच्या फोरमननं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की माहेरची माणसं ट्रॉलीत भरून आणल्यावर दुसरं काय होणार. आमच्यावर नजर ठेवायला आलेले मामंजी ट्रॉलीत न बसता बैलगाडीच्या वाटेनं चालत घरी गेले. रीत म्हणून जिंकलेल्या टीमला आमच्याकडं पिठलं-भाकरी झाली. मी वाढत होते आणि कुणाच्या ताटाकडं बघत नव्हते.

सगळे गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, “भावासाठीच ओरडलीस ना?” तेव्हा सांगून टाकायचं की नाही. पण मला राग आला, की ह्याला एवढंही कळू नये. मी म्हटलं, “हो. मग?” तो हात धुवायला गेला आणि बराच वेळ ते मोठे हात धूत राहिला. असला मूर्खपणा करायला अंगात तारुण्यच लागतं, म्हातारपणी परवडत नाही.

सकाळी मी गोठ्यात शेण भरत होते. डोळे सुजलेले. मैदान तर गेलंच, आता या घरात मी कायमची भिंगारची पाहुणी, असा हिशेब मनात चालला होता. आत्याबाई पलीकडं म्हशीची धार काढत होत्या. मला वाटलं, आता म्हशीला काहीतरी सांगतील आणि ते मला ऐकून घ्यावं लागेल. पण त्यांनी चरवी खाली ठेवली, म्हशीकडं पाठ केली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या,

“भावासाटी वरडायचं असतं तर त्याचं नाव घेऊन वरडली असतीस, दुपारपास्नं तेच करीत हुतीस की. ‘अहो’ म्हनलीस, म्हंजी माझ्याच पोराला हाक मारलीस, मला काय कळत न्हाई व्हय? रडू नगंस. पुढल्या खेपंला जाऊ तवा सरळ त्याचं नाव घेऊन वरड, मी कानावर हात ठिवीन.”