ओल्या पुठ्ठ्याचा वास

दूध संकलन केंद्रावर बाईंनी एकतीस वर्षं दुधाचे कॅन हुंगले. गाडी लागली की झाकण काढायचं, आधी तेच नाकाशी धरायचं, मग कॅनवर वाकायचं आणि 'घ्या' किंवा 'परत' एवढंच म्हणायचं. साबण, धूर, गंजका पत्रा, दुधाला काय लागलंय ते त्या अचूक सांगत. सगळे त्यांना नाकवाल्या बाई म्हणत. मग तपासणीचं यंत्र आलं आणि शेवटची चार वर्षं बाईंनी पावत्या लिहिल्या. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांच्या अक्षराचं कौतुक केलं, नाकाबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते बाईंच्या जिव्हारी लागलं.

वजनकाट्यावरची त्यांची मैत्रीण एक दिवस दोन तिकिटं घेऊन आली. "आगगाडी दिवसभर द्राक्षमळ्यांतून जाते. मध्ये वाइनरी दाखवतात, संध्याकाळी परत."

"मला गोळ्या चालू आहेत. मी काय पिणार तिथे?"

"खिडकीतून बघायला गोळ्या आडव्या येतात का?"

बाई गेल्या. खिडकी उघडी होती. दोन्ही बाजूंना टेकड्यांवर चढत गेलेले मळे. "इथे फवारणी झालीय," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने, "इथे माती नुकतीच उकरलीय." खरंच, पुढच्या वळणावर फावडी घेतलेली माणसं दिसली.

"तू डोळे मिटून आली असतीस तरी चाललं असतं," मैत्रीण म्हणाली.

वाइनरीच्या थंडगार तळघरात वीसेक प्रवासी लांब टेबलाशी उभे राहिले. माहिती सांगणाऱ्या मुलीने पहिली वाइन ओतली. बाईंनी नुसती हुंगली, छान वाटली. दुसरी लाल होती. लोक माना डोलावत होते. बाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

"नाही आवडली, मावशी? लाल वाइनची सवय व्हावी लागते."

"सवयीचं नाही गं. याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय."

कोणीतरी हसलं. मुलगी समजुतीने म्हणाली, "तो लाकडी पिंपाचा सुगंध असतो."

"लाकूड वेगळं. ते पहिल्या ग्लासात होतं. याचं बूच बघू?"

मुलगी घुटमळली. "द्या हो," मैत्रीण म्हणाली, "एकतीस वर्षं हेच केलंय तिने." बाईंनी बूच हुंगलं आणि मान हलवली. "इथूनच आलाय. ही परत."

मुलीने तळघराच्या मुख्य कारागिराला बोलावलं. पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्याने ग्लास हुंगला, एक घोट घेतला, थुंकला आणि सगळ्यांचे ग्लास परत न्यायला सांगितले. मग त्याच खेपेच्या आठ बाटल्या उघडून त्याने आठ ग्लास बाईंसमोर मांडले. बाई एकेका ग्लासावर वाकत गेल्या. तिसऱ्यापाशी म्हणाल्या, "परत." सातव्यापाशी थांबल्या, पुन्हा हुंगला. "हाही. फार थोडा आहे, पण आहे."

कारागिराने दोन्ही चाखले. सातव्याला त्याला तीनदा घोट घ्यावा लागला. शेवटी त्याने डोक्यावरची टोपी काढली. "या खेपेबद्दल दोन तक्रारी आल्या होत्या. मी इथे बसून चार बाटल्या तपासल्या, मला एकही सापडली नाही. बाई, पुढच्या महिन्यात नवी बुचं येतील. ती लावण्याआधी तुम्ही याल का? गाडी पाठवतो."

"एकदा का?"

"दर खेपेला."

बाईंनी मैत्रिणीकडे पाहिलं. ती आधीच हो म्हणून बसली होती. "ही येईल. आणि मीही येईन बरोबर, हिच्या जेवणाकडे बघायला."

टेबलाभोवती टाळ्या सुरू झाल्या. मघाशी हसलेल्या गृहस्थाने बाईंसाठी खुर्ची ओढून दिली.

परतीच्या गाडीत डब्यात ज्याला त्याला मैत्रीण तीच गोष्ट सांगत होती, दर वेळी बाटल्या दोनने वाढवून. बाईंनी हसत हसत लेकाला फोन लावला.

"आई, प्यायलीस की काय तिथे?"

"छे रे," बाई म्हणाल्या. "मी नाही प्यायले, आणि दुसऱ्यांनाही पिऊ दिली नाही."