उसवलेला चौकोन

विणकाम मंडळात त्यांना सगळे बाई म्हणत. आयुष्यभर शाळेत शिवण शिकवलेलं, त्यामुळे कुणाचा टाका सुटलेला दिसला की यांचा जीव खालीवर! बायका घरी गेल्या की या त्यांचं विणकाम गुपचूप उसवायच्या आणि नीट विणून ठेवायच्या. कुणी विचारलंच तर कानावर हात.

मग ती चित्रकार पोरगी आली. इस्पितळाच्या ज्या बोळात नातेवाईक तासन्‌तास ताटकळतात, तिथली भिंत अगदी भकास. घरोघरी एकेक लोकरीचा चौकोन विणायचा, सगळे जोडून त्या भिंतीवर टांगायचे, असं ठरलं. "चुका झाल्या तर तशाच राहू द्या हं," ती म्हणाली. घ्या! आता चुकांचंही कौतुक, बाई मनात म्हणाल्या.

घड्याळवाल्यांच्या बायकोने आपला चौकोन त्याच इस्पितळात, खाटेवर पडून विणला. गेली बिचारी. नवऱ्याने तो सुयांसकट मंडळात आणून दिला. बाईंना तो बघवेना. इतकी जुनी मैत्रीण, तिचं असलं वेडंवाकडं काम चारचौघांत टांगायचं? त्यांनी तो घरी नेला, सगळा उसवला आणि एका दुपारी पुन्हा विणून काढला.

टांगायच्या दिवशी घड्याळवाले आले. चौकोन चाचपत भिंतीच्या टोकापर्यंत गेले, परत आले.

"बाई, हिचा दिसत नाही हो."

काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती. बाईंनी एका चौकोनावर बोट ठेवलं.

"हा निळा. मी उसवून पुन्हा विणला. चुकलं माझं."

घड्याळवाल्यांनी तो चौकोन उलटून पाहिला. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं बाईंना झालं.

"खूप चुका होत्या?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

दुसऱ्याची चूक बाई कधी विसरल्यात? "पाचव्या ओळीत दोन टाके सुटलेले. अकरावीत धागा फार घट्ट ओढलेला."

"अकरावी ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची," ते म्हणाले. "दिवसाला एकच ओळ व्हायची तिची."

बाईंना एकदम रडू फुटलं. "विसावीपासून सगळे टाके सैल. शेवटची तर अर्धीच होती. ती मी पुरी केली."

घड्याळवाले बाकावर बसले. सरकून त्यांनी बाईंना जागा करून दिली.

"पहिलीपासून सांगा," ते म्हणाले. "एकही गाळू नका."