सिग्नेची एकुलती गाय

माझी थोरली बहीण सिग्ने गेली, तेव्हा पाद्रीबुवांनी चर्चमध्ये तिच्या कष्टांचं तोंड भरून कौतुक केलं. मी पुढच्याच बाकावर मान खाली घालून बसलो होतो. लोक म्हणाले, आर्व्हिडनं फारच मनाला लावून घेतलंय. दुःख होतंच हो, पण त्याहून लाज जास्त होती.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, नॉर्वेहून आलेल्या आमच्या लोकांच्या त्या खोऱ्यात गाईचं पोट तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. शिक्षण आठवीपर्यंत. पण गाईच्या डाव्या कुशीत मूठ दाबून ती सांगायची, रवंथ नीट चाललंय की नाही. घरी जनावर कापलं की शेजारची पोरं गोळा व्हायची. ती फळीवर पोट उघडून दाखवायची: हा पिंपाएवढा मोठा कप्पा, ही मधाच्या पोळ्यासारखी जाळी, हे पानांचं पुडकं आणि हे चौथं, खरं पोट. दुधावरच्या वासराच्या याच पोटातून चीजचं विरजण निघतं, तेव्हा नाकं मुरडू नका, असं वर बजावायची. आमचं सगळं त्यावरच तर चालायचं. दूध चीजच्या कारखान्यात, चीज गाळल्यावरचं पाणी डुकरांना, गोऱ्हे खाटकाकडे, कातडी कमावायला, शेण मक्याला.

वडिलांनी मरताना जमीन नि गोठा माझ्या नावावर केला आणि तिला एक कालवड दिली. एकच! मी तेव्हा हूं का चूं केलं नाही. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून तिनं तिचं नाव ठेवलं स्टेर्ना, म्हणजे आमच्या नॉर्वेच्या बोलीत चांदणी. स्टेर्नाच्या पोटी कालवडी व्हायच्या, टेकडीपलीकडचा रिकामा गोठा भाड्यानं घ्यायचा आणि चाळिशीच्या आत स्वतःच्या गाई पिळायच्या, असा तिचा बेत होता. त्या बेतात दुसरं भांडवल काहीच नव्हतं, फक्त ही गाय.

आता माझा पराक्रम ऐका. गाय चारा जिभेनं ओढते आणि न चावताच गिळते. त्यात खिळा, तारेचा तुकडा काहीही जातं आणि त्या जाळीत जाऊन बसतं. जाळीपुढे पातळ पडदा आणि पडद्यापलीकडे हृदय. म्हणून आम्ही कालवड वर्षाची झाली की नळीनं तिच्या घशात बोटाएवढं लोहचुंबक सोडतो. ते जन्मभर जाळीत राहतं आणि लोखंड धरून ठेवतं. त्या नोव्हेंबरात हे काम माझ्याकडे होतं. अकरा कालवडी झाल्या. बारावी स्टेर्ना, तिनं डोकं झाडून मला भिंतीवर आपटलं. दुसऱ्या दिवशी हरणांची शिकार सुरू व्हायची होती, मित्र गाडी घेऊन दारात उभे. मी चुंबक पाण्याच्या नळाला चिकटवलं, म्हटलं आल्यावर बघू. आलो, आणि विसरलो. सिग्नेनं विचारलं तेव्हा बेधडक सांगितलं, सगळ्यांना दिलं.

दीड वर्षानं स्टेर्ना व्याली. गोऱ्हा झाला. आठवड्याभरात तिनं खाणं टाकलं, पाठीची कमान करून उभी राहायला लागली. सिग्ने वडिलांचं होकायंत्र घेऊन आली. पोटात चुंबक असेल तर गाईच्या पुढच्या पायामागे सुई फिरते.

"तुला खात्री आहे ना, आर्व्हिड?" तिनं विचारलं.

तेव्हा खरं बोललो असतो, तर अजून वेळ होता. चुंबक सोडून, आतली तार हृदयापासून मागे सरकावी म्हणून गाईचे पुढचे पाय उंचावर ठेवले असते, तर कदाचित वाचली असती. पण मी उलट तिच्यावरच डाफरलो, "मी काय खोटारडा आहे? बघ, लाव तुझी सुई!"

तिनं होकायंत्र न लावताच खिशात घातलं. माझा मान राखला तिनं.

चुंबक आहे म्हणजे तारेचं दुखणं नाही, मग चौथं पोट सरकलं असेल, असं तिनं ठरवलं. व्याल्यावर तसंही होतं. त्यावर उपाय म्हणजे गाईला दोरांनी आडवी पाडून पाठीवरून लोळवायची. आत तार असेल तर तेच करू नये, हे मलाही ठाऊक होतं. तरी एक दोर माझ्या हातात होता आणि मी ओढला.

सकाळी स्टेर्ना मेलेली. सिग्नेनं बाह्या सारून तिला स्वतः उघडलं. जाळीतून वितभर तार पार हृदयात गेली होती. तिनं जाळी चाचपली, पुन्हा एकदा चाचपली. चुंबक नव्हतं.

"काल दोर ओढताना तुला माहीत होतं?"

मी म्हणालो, "हो."

शिव्या दिल्या असत्या, फावडं फेकून मारलं असतं तर बरं झालं असतं. ती आत गेली, हात धुतले, चुलीवर कॉफी ठेवली आणि मला नाश्ता वाढला. टेकडीपलीकडचा गोठा कुणा दुसऱ्यानं घेतला. सिग्ने पुढे बावीस वर्षं माझ्याच गोठ्यात राबली, माझ्या पोरांना तिनं दूध काढायला शिकवलं. पण कुठल्याच गाईबद्दल तिनं मला परत कधी काही विचारलं नाही.