कोरड्या उन्हाची हौस

सुरतेची हवा अनुसयाला कधी मानवलीच नाही. लिंबायतच्या त्या एका खोलीत बारा वर्षं काढली, पण हवेशी तिचं भांडण काही मिटलं नाही. बरणीतलं मीठ कायम ओलं, काडी चार वेळा घासावी तेव्हा पेटणार, दोरीवरचं लुगडं संध्याकाळीसुद्धा दमट. घाम एकदा आला की वाळायचं नाव घ्यायचा नाही. "आठे माणूस वाळतच नही वं," असं ती शेजारणींना म्हणायची, आणि शेजारणी हसायच्या. त्याही खानदेशातल्याच होत्या.

तिचा नवरा चिंधा मात्र याच हवेवर खूश. तो लूमवर कामाला. हवा दमट असली की धागा कमी तुटतो, आणि धागा कमी तुटला की शेठची बोलणी कमी बसतात, एवढं साधं त्याचं हवामानशास्त्र. बायको हवेला शिव्या देऊ लागली की तो गुपचूप विडी घेऊन ओट्यावर जाऊन बसायचा.

दुपारी गल्लीभर लूमचा खडखडाट चालू असताना अनुसया फरशीवर आडवी व्हायची आणि डोळे मिटून अमळनेरजवळच्या आपल्या गावी जायची. तिथं वैशाखाचं ऊन पडलेलं असायचं. गल्लीत कुत्रंही नाही. दाराला ओलं गोणपाट लावलेलं, वर मातीचं धाबं, आत काळोखी गारवा आणि माठातलं पाणी. बाहेर एक लुगडं पिळून दुसरं हातात घ्यावं, तोवर पहिलं वाळून कडक. त्या उन्हात तिचं अंग हलकं व्हायचं, शेवरीच्या कापसासारखं वर जायचं, आणि धाब्यांवरून, निंबांवरून कुठच्या कुठं तरंगत राहायचं. मग नळाला पाणी आल्याची हाकाटी व्हायची आणि ती घामेजल्या पाठीनं पुन्हा सुरतेत उठून बसायची.

शहाण्णव साली मात्र या स्वप्नाला पाय फुटले. चिंधाच्या थोरल्या भावानं निरोप धाडला: गावाजवळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये दिवाळीपासून कायमचा माणूस हवा आहे, येतोस का? चिंधानं दोन दिवस विचार केला. त्यांची एकुलती एक मुलगी चैताली, आठ वर्षांची, सुरतेत जन्मलेली. गावी ती फक्त दिवाळीला गेलेली. उन्हाळा तिनं पाहिलाच नव्हता.

"मे महिनाभर पोरले तठे ठेव," चिंधा म्हणाला. "तठलं ऊन तिले मानवनं तं दिवाळीले जाऊत. नही तं आठेच."

अनुसयानं त्याच आठवड्यात भुसावळची गाडी पकडली.

गावी बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, गडबड चालू होती. तीन दिवस भिजवलेली ज्वारी दळून, पहाटे चुलीवर तिचा घाटा शिजवायचा, आणि उजाडायच्या आत धाब्यावर धोतरं अंथरून ओल्या हातानं एकेक बिबडं थापायचं. सुरतेत अनुसयानं एकदा हा उद्योग केला होता. तिसऱ्या दिवशी बिबड्यांना बुरशी आली होती. इथं संध्याकाळपर्यंत ती खडखडीत वाळायची. ती वाजवून बघताना अनुसयाला उगाचच हसू यायचं. जाऊ मंगलाबाई म्हणायची, "येडी व्हयनी का वं?"

तिसऱ्याच दिवशी चैतालीचा घोळणा फुटला, नाकातून रक्त वाहू लागलं. मंगलाबाईनं कांदा फोडून हुंगायला दिला, डोक्यावर पाणी थापलं. "व्हई सवय," ती म्हणाली. अनुसयाला तेच ऐकायचं होतं. चिंधाला तिनं पत्र लिहवून घेतलं की पोर मजेत आहे.

आणि खरंच, पुढं दहा-बारा दिवस रक्ताचा थेंब दिसला नाही. अनुसयाला आभाळ ठेंगणं झालं. चूल कुठं मांडायची, तुळस कुठं लावायची, सगळं ती धाब्यावर बसून ठरवू लागली. समोर तापलेली वाट थरथरायची, आणि त्या वाटेवरून चिंधा पेटी घेऊन येताना तिला दिसायचा.

एका सकाळी बिबड्यांना एक धोतर कमी पडलं. जुनं फडकं शोधायला ती कणगीमागं वाकली. तिथं चैतालीच्याच फ्रॉकमध्ये गुंडाळून अनुसयाच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा खुपसलेला होता. उलगडला तर जागोजाग रक्ताचे डाग. काही ताजे, काही कडकडीत वाळलेले. तिथल्या उन्हात सगळंच लवकर वाळतं.

चैताली दारात उभी होती. ओठ पांढरे पडलेले.

"काबरं दपाडं वं, माय?" लपवलेलं फडकं हातात तसंच धरून अनुसयानं तिला जवळ ओढलं.

पोरगी आईच्या लुगड्यात तोंड घालून म्हणाली, "तू आठे हासस. तठे हासत नही."

अनुसयानं ते फडकं पुन्हा उलगडून पाहिलं. आपण इतके दिवस काय बघत होतो? बिबडी. तिला स्वतःची लाज वाटली, त्या उन्हाचा राग आला, आणि तरीही त्या घटकेला बाहेरून आलेली कोरडी झुळूक अंगाला गोडच लागली. याचंच तिला जास्त रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी गाडीत बसल्या. नवापूर सोडलं आणि खिडकीतून ओलसर वारा आत आला, तशी चैताली पाय हलवत गाणं म्हणू लागली.

महिना भरायच्या आत बायको दारात उभी पाहून चिंधा चपापला. "पोरले नही मानवनं का?"

चैतालीनं आईकडं पाहिलं.

"पोरले काय व्हयनं?" अनुसया पिशवी खाली ठेवत म्हणाली. "मालेच सोसत नही आते तठलं ऊन. सुरतनी सवय पडी गयी."

चिंधा आधी बघतच राहिला, मग खो खो हसत सुटला. बारा वर्षं हवेला शिव्या घालणारी बाई सुरतकरीण झाली, हे त्यानं ओट्यावर जाऊन अख्ख्या गल्लीला सांगितलं. शेजारणी जमल्या, चेष्टा करू लागल्या. चैताली आईच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. अनुसयानं पदरानं मानेचा घाम पुसला आणि तीही हसली.