अर्जावरचं माझं नाव

त्या बाईंचं नाव मी कधी विचारलंच नाही. सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचे. काखेत पुरुषी छत्री, पायांत कॅनव्हासचे बूट आणि हातातला खडू अंबाड्यात खोचून तो गावभर शोधायची सवय. वर्षभर रोज दुपारी किहीमच्या देवळात त्या बायकांना लिहायला शिकवत.

त्या दिवशी अलिबागच्या इस्पितळात सुइणीचं काम शिकायला जाण्याचे अर्ज भरायचे होते. अंगठा चालणार नव्हता. प्रत्येकीनं आपल्या हातानं पूर्ण नाव लिहायचं. आमच्या हिला जायचंच होतं. ‘तुला जमायचं न्हाय,’ असं भाकीत करून मी मजा बघायला खांबाला टेकून उभा होतो.

हिनं स्वतःचं नाव झोकात लिहिलं आणि टाक थांबला. पुढे माझं नाव! नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे गावात सर्वांना ठाऊक. बाकीच्याही तिथंच अडल्या. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

बाई हसल्या. “तोंडानं घ्यायचं नसतं ना? मग नका घेऊ. हातानं लिहायला कुणी बंदी केलीय?”

हिनं मान खाली घातली आणि माझं नाव एका दमात लिहून टाकलं. मी नकळत स्वतःची नाडी धरली. ते बघून देऊळभर हशा पिकला.

“अवो, जीव हाय ना जाग्यावर?” हिनं विचारलं.

“हाय,” मी म्हटलं.

“मग मी चालले अलिबागला!”

बाईंनी फुंकर घालून शाई वाळवली. मी वाकून पाहिलं. माझं नाव इतकं देखणं मला आधी कधी दिसलं नव्हतं.