सुरूच्या झाडाखाली कोथिंबीर

२३ डिसेंबर, मंगळवार, दुपार. ठिकाण आळेफाटा, बाईंची पडवी. हजर: बाई, माझ्या सासूबाई, समोरच्या किराणा दुकानातल्या भाभी, माझी दहावीतली मुलगी आणि मी. माझे यजमान झाड टेकवून लगेच मळ्यात परतले, त्यांची अर्धीच हजेरी धरते.

खरं तर हे काम डिसेंबरच्या पहिल्या रविवारी व्हायचं. दरवर्षी तसंच झालेलं आहे. यंदा ते नाताळ दोन दिवसांवर आल्यावर झालं, आणि ते का, हे लिहून ठेवायला बसले आहे.

बाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. आमची भिंतीला भिंत लागून आहे. त्यांचे मिस्टर आळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. मुलगी परदेशात नर्स आहे, तिला नाताळात सुट्टी मिळत नाही. त्यामुळे दोघांचा नाताळ आमच्यासोबतच व्हायचा आणि कामं ठरलेली असायची. आमच्या बांधावर वारा अडवायला सुरूची झाडं लावलेली आहेत, त्यातलं एक लहानसं झाड आम्ही द्यायचं. टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरतात तो चंदेरी मल्चिंग पेपर उरलेला असतो, त्याच्या चांदण्या आणि झिरमिळ्या कापायच्या. भाभींच्या दुकानात वर्षभर लग्नपत्रिका येतात. त्यांनी त्या पिशवीत साठवून आणायच्या, आणि त्या जाड, गुळगुळीत कागदाची शुभेच्छापत्रं करायची. चित्रं मास्तर काढायचे. त्यांच्या बेथलेहेमच्या मेंढपाळाला लाल पागोटं असायचं, खांद्यावर घोंगडी असायची. आमच्या रानात मेंढरं बसवायला येणाऱ्या धनगरासारखाच दिसायचा तो.

मास्तर पावसाळ्यात गेले. झोपेतच गेले.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा मी सासूबाईंना विचारलं, "आई, बाईंसाठी झाड काढायचंय ना यंदा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मयताच्या घरी पेढे मागितले. "वरीस झालंय का? वरसाच्या आत दुःखाच्या घरी सण न्हाई धरायचा. झाड, दिवं, चमकी कुठं नेतीस? त्या बाईला काय वाटंल?"

भाभीही तेच म्हणाल्या. त्यांच्याकडेही असंच पाळतात. मला पटलं. आमच्याकडे पहिल्या सणाला त्या घरी चूल गोडासाठी पेटत नाही, शेजारपाजारचे साधं जेवण घेऊन जातात, थोडा वेळ बसतात, डोळे पुसतात आणि परत येतात. आम्ही २५ तारखेला तसंच करायचं ठरवलं. भाकरी आणि आमटी मी करायची, भात भाभींनी. मुलीला बजावलं, बाईंसमोर नाताळाचा विषय काढायचा नाही. एवढं नीट ठरवल्याचं मला समाधानही वाटलं.

त्याच सुमारास बाईंनी एक तेलाचा रिकामा डबा गेरूने रंगवून, मातीने भरून आमच्या दोघींच्या अंगणांमधल्या भिंतीवर ठेवला. सासूबाई उन्हाला बसल्या की तो त्यांच्या डोळ्यांसमोर यायचा. चांगली माती नुसती पडून राहिलेली त्यांना बघवत नाही. त्यांनी त्यात धणे रगडून टाकले आणि रोज तांब्याभर पाणी घालू लागल्या. कोथिंबीर छान उगवून आली. बाई येता-जाता बघायच्या.

मला त्या थोड्या गप्प झाल्यासारख्या वाटल्या. दुःख आहे, असणारच, असं म्हणून मी कामाला लागायची.

२३ तारखेला सकाळी, जेवणात काही चुकायला नको म्हणून मी विचारायला गेले. बाई तांदूळ निवडत होत्या.

"बाई, परवा आम्ही सगळ्या जेवण घेऊन येतोय. तुमच्यात दुःखाच्या सणाला काय चालतं? आमटीत फोडणी चालते ना?"

"दुःखाचा सण म्हणजे?"

"पहिला सण. मास्तर गेल्यानंतरचा."

त्यांचे हात थांबले. "अगं, आमच्यात असं काही नसतं. माणूस गेला म्हणून प्रभूचा जन्म व्हायचा राहतो का? उलट पहिल्या नाताळालाच माणसं लागतात घरात." मग तांदळात बोटं फिरवत म्हणाल्या, "मी डबा ठेवला होता भिंतीवर. झाडासाठी. दरवेळी मास्तर ठेवायचे, यंदा मी ठेवला. तुम्ही त्यात कोथिंबीर लावली. म्हटलं, ठीक आहे. मास्तर होते तोवर होतं. आता या लोकांना नको असेल."

मी तशीच उठले आणि भिंतीवरून हाक मारली, "आई, जरा इकडे या."

सासूबाई आल्या, ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मग बोलायचं न्हाई का बाई? म्या म्हनलं, तुमचं मन न्हाई, डबा टाकून दिलाय. माती वाया जाईल म्हनून धनं टाकलं."

"मी म्हटलं, तुम्हीच सांगताय, यंदा झाड नको."

"कोथमिरीनं कोन सांगतंय असं?"

बाई हसल्या. हसता हसताच पदर तोंडाला लावला आणि मग बराच वेळ तो काढलाच नाही. सासूबाई त्यांच्या शेजारी बसून राहिल्या. मी यजमानांना फोन केला, म्हटलं, बांधावरचं एक सुरू काढून आणा, आत्ताच्या आत्ता.

दुपारी सगळ्या जमलो. डब्यातली कोथिंबीर उपटायला बाईंनी मनाई केली, म्हणून यजमानांनी मधोमध खड्डा करून त्यातच झाड उभं केलं. चंदेरी झिरमिळ्यांखाली हिरवी कोथिंबीर, असं ते दिसू लागलं. मी कामं वाटून दिली. चांदण्या माझ्याकडे, कापाकापी भाभींकडे, चित्रं मुलीकडे. पत्रिकेवरचे गणपती आधी कापून सासूबाईंच्या वेगळ्या डबीत जायचे, ते विसर्जनाच्या वेळी पाण्यात सोडतात. पायदळी येऊ द्यायचे नाहीत हा नियम मास्तरांनीच घातला होता.

चित्रं मुलीला जमेनात. तिच्या मेंढपाळाचं पागोटं डोक्यापेक्षा मोठं झालं.

"हा काय मेंढ्या राखणार, हा तर निवडणुकीला उभा राहिलाय," भाभी म्हणाल्या.

"मेंढरं पन बघा की, उंदरं दिसत्यात," सासूबाईंनी भर घातली.

"आजी, तू काढ मग."

"म्या धनं पेरते. तेच जमतंय मला."

बाईंनी मुलीच्या हातातून ब्रश घेतला. मास्तरांनी काढलेलं त्या शेजारी बसून इतकी वर्षं बघत आल्या होत्या, पण स्वतः ब्रश कधी धरलेला नव्हता. त्यांनी अख्खं मेंढरू काढलं नाही, मान खाली घातलेल्या मेंढराची नुसती पाठ काढली, चरताना दिसते तशी. मुलगी म्हणाली, "हे मास्तरांसारखं आलं." उरलेली सगळी मेंढरं बाईंनीच काढली.

एका पत्राच्या मागच्या बाजूला 'कृपया आहेर आणू नये' तसंच राहिलं होतं. भाभी ते कापायला निघाल्या.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "हे पास्टरांना देते. दरवर्षी मला केक आणतात, आणि डॉक्टरांनी साखर बंद केलीये."

शेवटी नावं घालायची वेळ आली. दरवर्षी खाली दोघांची नावं असायची. या वेळी मी मनानेच काही ठरवलं नाही. विचारलं, "बाई, नावं कशी घालायची?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "यंदा दोघांची घालू. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

त्यांनीच सगळ्या पत्रांवर लिहिलं, आधी मास्तरांचं नाव, मग स्वतःचं. फक्त एका पत्रावर एकटं स्वतःचं लिहिलं आणि ते बाजूला ठेवलं. कुणासाठी, हे आम्ही विचारलं नाही. निघताना त्यांनी मला थांबवून सांगितलं, "मास्तरांना नगरला पुरलंय, त्यांच्या आईवडिलांजवळ. गुडघ्यांमुळे एकटीला एसटीत चढवत नाही. तू येशील का?"

मी हो म्हटलं. जानेवारीतला रविवारही ठरवला. मग कांद्याच्या लागणी सुरू झाल्या, मजूर मिळेनात, पुढच्या रविवारी मुलीची सराव परीक्षा आली. आता फेब्रुवारी निम्मा सरलाय. ते एकट्या नावाचं पत्र अजून बाईंच्या पर्समध्ये आहे. नगरला जायचं अजून राहिलंय.